फावडं न लागलेलं वावर

९ ऑक्टोबर, सोमवार

खुंट्या! लाल रंगाच्या, डोक्याला फीत बांधलेल्या, गप्प वावर म्हणतात त्या वावरात भिंतीपासून थेट ओढ्यापर्यंत एका रांगेत ठोकलेल्या. आमच्या वावरात, आम्हाला न विचारता.

सगळ्या उपटल्या. गुडघे बोलत होते तरी उपटल्या. शेजारचा मार्टी कॅफर्की मेंढ्यांमागून येत होता, तो भिंतीशी थांबून बघत राहिला.

"डीलिया, त्या सरकारी आहेत गं," म्हणाला.

"मग सरकारला कळव, जळण पोचलं म्हणून."

चुलीत घातल्या तर रंगाचा असा घाणेरडा वास सुटला की भावाला, फेस्टसला, खोकल्याची उबळच आली. त्याची माफी मागितली. सरकारची मागणार नाही.

या वावरात वाईट काळापासून फावडं लागलेलं नाही. नांगर नाही, कुंपणाचा खांब नाही, बटाट्याचा एक वाफा नाही. वडील इथून जाताना काठीसुद्धा टेकवत नसत, काखेत धरून चालत. आणि आता कुठल्या तरी पोराने येऊन हातोडा घातला. कुणाच्या छातीवर घातला, कुणाच्या कपाळावर, त्याला काय माहीत. संताप संताप झाला.

१० ऑक्टोबर, मंगळवार

फेस्टसला आडवं झोपवत नाही. खुर्चीतच झोपतो आणि खुर्चीतूनच टोमणे मारतो. फुफ्फुसं गेली, जीभ शाबूत आहे.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

कौन्सिलचा इंजिनीअर आला. हॅलिगन. डब्लिनचा, तरुण, बूट कोरे करकरीत. खुंट्यांबद्दल एक शब्द काढला नाही, पण चुलीकडे दोनदा बघितलं.

"मिसेस रुआन—"

"मिस. मी लग्न केलं नाही. आत खोकतोय तो माझा भाऊ."

प्रकार असा आहे. किनाऱ्यावर मोठं हॉटेल झालंय, त्याच्या बसगाड्यांना आमच्या वळणावर वळता येत नाही. म्हणून रस्ता सरळ करायचा. सरळ केला की तो गप्प वावरातून जातो. जमिनीचा मोबदला मिळेल, नाही म्हटलं तरी जमीन जाईलच, कायदा तसा आहे. हे सगळं तो फार नम्रपणे बोलला. उद्धट असता तर मला सोपं गेलं असतं.

वावर बघायचं म्हणाला. चढणीवर दगडी पायऱ्यांपाशी त्याला थांबवलं आणि ओटच्या भाकरीचा तुकडा पुढे केला.

"हे कशाला?"

"खिशात ठेवा. इथलं गवत उपाशी आहे. रिकाम्या खिशाने चाललं तर माणसाचे पाय गळतात. बसतो तो उठत नाही."

तो हसला. मी हसले नाही. मग त्याने तुकडा खिशात टाकला.

वावरात उभा राहून म्हणाला, "नकाशात इथे काही दाखवलेलं नाही, मिस रुआन. दफनभूमी म्हणून कुठेच नोंद नाही."

"नकाशे काढणारे आणि घरं पाडणारे तेव्हाच्या एकाच इंग्रज सरकारचे चाकर होते. ते कशाला दाखवतील?"

"दुष्काळात फार हाल झाले, मला जाणीव आहे. कौन्सिल रस्त्याकडेला छानसा फलक लावेल. एक बाकही ठेवेल."

दुष्काळ! मग मात्र माझा तोल सुटला. म्हटलं, दुष्काळ कसला? बटाटा कुजला होता. ओट कुजला नव्हता, जव कुजला नव्हता, गाईंनी दूध द्यायचं थांबवलं नव्हतं. ते सगळं गाड्यांत भरून, शिपायांच्या पहाऱ्यात, याच रस्त्याने बंदराला गेलं. गाड्यांच्या दोन्ही बाजूंना माणसं गवत खाऊन पडली होती, तोंडं हिरवी झालेली. वर भाडं थकलं म्हणून त्यांच्या घरांची छपरं उतरवली, भर थंडीत. आकाशातून पडतो तो दुष्काळ. याला हिशेबाने मारणं म्हणतात. तुमच्या फलकावर हे लिहिणार असाल तर मी स्वतः रंग आणून देते. आणि बाक नको. इथे बसायचं नसतं हे आत्ताच सांगितलं तुम्हाला.

शेवटी बिचारा एवढंच म्हणाला की पुरावा लागेल. इथे माणसं पुरली आहेत हे सिद्ध करायचं तर चर खणून बघावा लागेल.

म्हणजे त्यांना धक्का लागू नये असं वाटत असेल तर आधी धक्का लावून दाखवा. हे त्याला शाळेत शिकवलं असणार.

१५ ऑक्टोबर, रविवार

चर्चमधल्या मिस्सानंतर फादर चिडोझी चहाला आले. नायजेरियाचे. तीन वर्षं झाली इथे येऊन, अजून दोन स्वेटर घालतात आणि वरून कोट. गाव हसतं, पण त्यांच्या मागे. फेस्टस तोंडावर हसतो.

"फादर, तुम्हाला कोटातून बाहेर काढायला माणूस ठेवला आहे का?"

"तुम्ही बरे व्हा, तुम्हालाच ठेवतो."

मी त्यांना वावराचं सगळं सांगितलं. ते कप हातात धरून ऐकत होते, चहा निवून गेला. मग त्यांच्या आईचं सांगायला लागले. बियाफ्राच्या युद्धात ती लहान मुलगी होती. सैन्याने वाटा अडवल्या, धान्य आत येऊ देईनात. लढाईने मेली त्याहून जास्त माणसं भुकेने मेली, लेकरं आधी. आईची धाकटी बहीण तिच्या मांडीवर गेली.

"आमच्या घरात 'भूक लागली' असं म्हणायला बंदी आहे," फादर म्हणाले. "मी लहानपणी एकदा म्हटलं तर आई उठून बाहेर गेली, संध्याकाळपर्यंत आलीच नाही. 'जेवायची वेळ झाली' म्हणायचं. अजूनही फोनवर मी तसंच म्हणतो."

"आणि तुमची ती मावशी? तिला कुठे ठेवलं?"

"शाळेमागे. पुष्कळांना तिथेच ठेवलं. आता तिथे बाजार भरतो. टोमॅटो विकतात, मोबाइल विकतात. आई त्या बाजारात कधी गेली नाही. मीठ आणायलासुद्धा दुसऱ्या गावाला जाते."



निघताना फादर दारात थांबले. त्यांच्या आईला दूध पाजून जगवणारी नन आमच्या मेयो जिल्ह्यातलीच होती म्हणे. म्हणून इकडे पाठवतो असं चर्चने म्हटल्यावर त्यांनी लगेच होकार दिला. "त्या बाईंचं ऋण कसं फेडायचं ते मला कळत नव्हतं," म्हणाले. "डीलिया, तुमच्या वावराचा बाजार होऊ देऊ नका."

१८ ऑक्टोबर, बुधवार

फेस्टसला घेऊन इस्पितळात. डॉक्टर त्याच्या छातीचं चित्र बघून नुसतीच मान हलवत होते. हिवाळा जपा म्हणाले. नर्स माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमचा कोट तुमचाच आहे ना? कुणाचा घालून आलात? कधीपासून इतक्या वाळलात?" मी म्हटलं, भाऊ झोपू देत नाही, जेवण कुठून अंगी लागणार. तरी धरून बसवलं आणि माझंही रक्त काढून घेतलं. घ्या. सगळेच काहीतरी घेऊन चाललेत.

घरी आले तर दाराला नोटीस चिकटवलेली. सोमवार, सहा नोव्हेंबर, सकाळी, चाचणीचा चर. खणायचं यंत्र येणार.

२१ ऑक्टोबर, शनिवार

आज फेस्टसशी भांडण झालं. असं भांडण वडील गेल्यापासून झालं नव्हतं. सगळं लिहून काढते, नाहीतर घशाखाली काही उतरणार नाही.

सकाळी लापशी भरवत होते. तो म्हणाला, "यंत्र कोण चालवणार माहीत आहे? टीजे पॅडन. इथून दहा मैलांत दुसरं यंत्र नाही."

"मग?"

"मग काही नाही. पॅडनचा बाप कबरी खणायला पहिला यायचा. टीजेही येतो. तो उघड्या कबरीवरून गाडी नेईल का?"

माझ्या डोक्यात अजून उजेड पडला नव्हता. म्हटलं, "कुणाची कबर?"

"माझी."

चमचा माझ्या हातातच राहिला.

"गप्प वावरात माझी कबर उघडायची," तो म्हणाला. "शेजाऱ्यांनी, रीतीप्रमाणे. सोमवारी कबर उघडत नाहीत, म्हणून रविवारीच. वर फावडं आणि खोरं फुलीसारखं आडवं ठेवायचं. मग बघू कोण येतो चर खणायला."

रीत आहे खरी. इथे कबर घरचे खणत नाहीत, शेजारी खणतात. खणून झाली की फावडं आणि खोरं खड्ड्यावर फुलीसारखं ठेवून घरी जातात. म्हणजे या जागेला धनी आहे, तो वाटेवर आहे. मग तिथून गाडी जात नाही, जनावर जात नाही, मॅच बघायला उशीर झालेला माणूससुद्धा वळसा घालतो. सगळं खरं. पण त्या रीतीला दुसरी बाजू आहे. उघडी कबर रिकामी राहिली तर ती त्या घरातलं माणूस बोलावून घेते. म्हणून मेल्याशिवाय कुणाची कबर उघडत नाहीत. मार्टीच्या चुलत्याने एका शेजाऱ्याची कबर दिवस चुकवून आधीच खणली होती, तर एकाऐवजी दोन शवपेट्या गेल्या होत्या त्या घरातून. मी स्वतः बघितल्या आहेत.

मी म्हटलं, "तू अजून जिवंत आहेस."

"तेवढी एक अडचण आहे. होईल दूर."

"तुझी पाठ मी चोळते, तुला मी भरवते, आणि जा बाबा म्हणून खड्डाही मीच उघडून ठेवू? शरम नाही वाटत बोलायला? आणि वडिलांना काय शब्द दिला होता? फावडं लावणार नाही म्हणून दोघांनीही दिला होता."

"पॅडनचं यंत्र लागण्यापेक्षा मार्टीचं फावडं बरं."

"कुणाचंच नाही!"

लापशीचं भांडं मोरीत आपटलं. टवका उडाला त्याचा. आईचं भांडं.

२२ ऑक्टोबर, रविवार

फेस्टसशी बोलले नाही. त्याने माझ्याशी बोलणं थांबवलं नाही.

२९ ऑक्टोबर, रविवार

आठवडाभर सगळे मार्ग करून पाहिले. वकिलाला फोन केला, तो म्हणाला वेळ लागेल. वर्तमानपत्राला फोन केला, मुलगी म्हणाली फोटो पाठवा. कशाचा फोटो पाठवू? गवताचा?

आज दुपारी एकटीच भिंतीशी जाऊन उभी राहिले. खिशात भाकरी होती. वडिलांचं आठवलं. ते फार सांगत नसत, वाईट काळाबद्दल आमच्याकडे कुणीच फार सांगत नसे. लाज वाटायची लोकांना. मारणाऱ्यांनी मारलं आणि लाज मेलेल्यांच्या घरी ठेवून गेले. पण एक गोष्ट वडील मान वर करून सांगत. कॅफर्कींना घराबाहेर काढलं तेव्हा जमीनदाराच्या कारभाऱ्याने त्यांची जमीन आमच्या खापरपणज्याला देऊ केली. आयती, घराला लागून. घेणारे पुष्कळ होते तेव्हा, दुसऱ्याच्या उंबऱ्यावर उभं राहून मोठे झालेले. आमचा म्हणाला, नको. त्याची स्वतःची दोन लेकरं गप्प वावरात गेली होती, तरी म्हणाला नको. जमीन तशीच पडून राहिली, आणि वाचलेला एक कॅफर्की पोरगा मोठा होऊन परत आला तो तिथेच राहिला. म्हणून मार्टी आज तिथे मेंढ्या राखतो आणि माझ्या चुलीवर फुकट चहा पितो.

रुआनांनी कुणाची जमीन बळकावली नाही. वडील हे वाक्य असं म्हणत की जणू घरात सोनं आहे.

त्या दोन लेकरांची नावंसुद्धा आम्हाला माहीत नाहीत. माझ्याच रक्ताची, आणि हाक मारायला नाव नाही. त्यांच्या अंगावरून हॉटेलच्या बसगाड्या जायच्या? मी जिवंत असताना?

२ नोव्हेंबर, गुरुवार

मृतांचा दिवस. दाराची कडी काढून ठेवली, चुलीपाशी खुर्ची मांडली, पाण्याचा पेला भरला. आई करायची तसं सगळं. आपली माणसं आज घरी येऊन जातात.

फेस्टस त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत म्हणाला, "पुढच्या वर्षी मी यात बसणार. जरा मऊ उशी ठेव."

मला रडू आलं. लपवलं नाही.

तो म्हणाला, "डीलिया, ऐक गं. मी आयुष्यभर मासे धरले आणि दुसऱ्यांच्या भिंती बांधल्या. कुणाच्या उपयोगी पडावं असं मोठं काही केलं नाही. आता मरायचंच आहे, तर मरण तरी कामाला येऊ दे की. चर्चमागच्या कबरस्तानात मी एक म्हातारा जास्तीचा. गप्प वावरात मी पहिला माणूस, ज्याच्या उशाला नाव असेल."

"आणि त्या उघड्या कबरीने तुला लवकर बोलावलं तर?"

"तर मी जाईन. मी काय तिला घाबरतो? तू घाबरतेस."

घाबरते. लिहून ठेवते, घाबरते. या माणसाशिवाय या घरात मी काय करायचं?

पण हो म्हटलं.

५ नोव्हेंबर, रविवार

उघडली.

मार्टीने चौघांना गोळा केलं. मिस्सानंतर सगळे चांगल्या कपड्यांतच आले, वर जुने कोट. येताना प्रत्येकाच्या खिशात भाकरी होती, मला सांगावं लागलं नाही. फादर चिडोझी आले, पाणी शिंपडून त्यांनी जागा पवित्र केली. बिशपना विचारलंत का, असं मार्टीने हळूच विचारलं. "उद्या विचारीन," फादर म्हणाले. "सोमवारी ते मोकळे असतात." फेस्टसला आम्ही खिडकीत बसवलं होतं, तिथून वावर दिसतं.

जागा वरच्या अंगाला निवडली, एका काळ्या दगडापाशी. कुणालाच पहिला घाव घालवेना. मार्टी फावडं धरून नुसता उभा. शेवटी मी म्हटलं, "मार्टी, ज्यांच्या अंगावर पडेल ते तुझेच आहेत आणि माझेच आहेत. त्यांना कळेल." मग त्याने पाय दिला.

गवताचा थर सोलला, त्याखाली थोडी माती काढली, आणि लोखंडाला लोखंड लागलं.

मार्टीने हाताने माती सारली. गंजलेलं एक पातं होतं, अरुंद, जुन्या पद्धतीचं. त्यावर आडवं दुसरं, रुंद. दांड्यांचे काळे तुकडे अजून आत अडकलेले. फुलीसारखं ठेवलेलं फावडं आणि खोरं!

सगळ्यांनी टोप्या काढल्या.

कुणीतरी ही कबर उघडली होती. वाईट काळात, अंगात उभं राहायची ताकद नसताना, रीतीने उघडली, रीतीने फुली ठेवली आणि धन्याला आणायला गेला. परत आलाच नाही. उचलणारं कुणी उरलं नसेल, किंवा वाटेतच पडला असेल. खड्डा पावसाने भरला, वर गवत आलं, आणि फुली तशीच राहिली. इतकी वर्षं आम्ही समजत होतो की त्यांना कुत्र्यामांजरांसारखं ढकलून दिलं. तसं नव्हतं. शेवटपर्यंत कुणीतरी माणसांसारखं वागत होतं. हे कळल्यावर मी खाली गवतात बसले. बसायचं नसतं, तरी बसले. खिशात भाकरी होती.

पुढे काय करायचं यावर वाद झाला. एक जण म्हणाला, हात लावू नका, बाजूला खणा. मार्टी म्हणाला, ही जागा दुसऱ्या कुणाची तरी आहे. फादर म्हणाले, "इतकी वर्षं ती कुणाची तरी वाट बघतेय. आता कुणीतरी येतंय. मला नाही वाटत तिला राग येईल."

मग दोन्ही पाती उचलून काळ्या दगडाशी तशीच फुली करून ठेवली, आणि जुन्याच खड्ड्यात उतरले. माती मऊ होती. हाड नाही, काही नाही. रिकामी. मार्टी कमरेपर्यंत खाली गेला. जुना काप जिथे संपत होता तिथेच थांबला, बाजूची न हललेली माती त्याने हलवली नाही.

वर आला आणि मापून म्हणाला, "आखूड आहे गं. फेस्टस लांबलचक माणूस. काय त्याचे पाय दुमडायचे? ही तर तुझ्या मापाची झाली."

"तोंड आवर, मार्टी," मी म्हटलं. बाकीचे हसले. मीही हसले थोडी.

वर त्याचं फावडं आणि खोरं आडवं ठेवलं आणि सगळे चहाला आले.

६ नोव्हेंबर, सोमवार

टीजे पॅडन यंत्र घेऊन आला. हॅलिगन त्याच्या मागे मोटारीतून. मी भिंतीशी उभी होते, काही बोलायचं नाही असं ठरवून.

टीजेने वरूनच बघितलं. यंत्र बंद केलं. खाली उतरला, टोपी काढली, छातीवर क्रूसाची खूण केली.

"कुणाची?" मला विचारलं.

"फेस्टसची."

"गेला?"

"नाही अजून."

त्याने खिडकीकडे बघितलं. आतून फेस्टसने त्याला हात हलवून दाखवला. टीजेचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, पण त्याने टोपी परत घातली नाही.

हॅलिगन म्हणाला, "मिस्टर पॅडन, चर दुसऱ्या टोकाला घ्यायचा आहे. खड्डा आपल्या वाटेत येतच नाही."

"साहेब, वाटेत आहे."

"कुठे?"

"माझ्या," टीजे म्हणाला आणि यंत्र उलटं फिरवून घेऊन गेला.

हॅलिगनला काळ्या दगडाशी नेऊन ती गंजलेली पाती दाखवली. तो उकिडवा बसून पुष्कळ वेळ बघत राहिला. उठताना त्याने कोटाच्या खिशात हात घातला तेव्हा मला दिसलं, कागदात गुंडाळलेला भाकरीचा तुकडा होता. ताजा. स्वतः आणलेला.

१० नोव्हेंबर, शुक्रवार

फेस्टसने आज दोन अंडी खाल्ली आणि तिसरं आहे का विचारलं. कबर उघडल्यापासून त्याला हुरूप आलाय. रोज खिडकीतून बघतो, कुणी पोरं-मेंढरं तिकडे गेली की काठी आपटतो. "माझ्या जागेवरून हट!" बोलावणं यायचं तर असं येतं का?

१३ नोव्हेंबर, सोमवार

हॅलिगन आला, एकटाच, मोटार लांब उभी करून. म्हणाला की पाती म्हणजे पुरावा आहे, पण कबर रिकामी निघाली, म्हणून कौन्सिलमध्ये दोन मतं आहेत. ख्रिसमसपर्यंत काम थांबलंय. नंतर लांबच्या जिल्ह्यातून यंत्र आणि माणूस आणतील, ज्याला इथली रीत माहीत नाही.

"मी तुम्हाला हे सांगायला नको," तो म्हणाला, "पण तिथे एक जरी माणूस नावानिशी पुरलेला असेल, तर कुणी रस्त्याचा विषयही काढणार नाही. जिवंत लोकांच्या ओळखीच्या कबरीवरून बस न्यायची हिंमत कुणाला नाही."

आतून फेस्टस ओरडला, "मी प्रयत्न करतोय, बाळा!"

१४ नोव्हेंबर, मंगळवार

इस्पितळातून फोन. शुक्रवारी या म्हणाले. मी म्हटलं, भाऊ बरा आहे. फोनवरची नर्स म्हणाली, भावाला घरीच राहू द्या, तुम्ही या.

१७ नोव्हेंबर, शुक्रवार

डॉक्टर चांगले होते, खुर्ची जवळ ओढून बसले. रक्तातच आहे म्हणाले, आणि सगळीकडे पसरलंय. औषध देतील, पण ख्रिसमस दिसेल असं त्यांनी म्हटलं नाही. मी विचारलं, आणि फेस्टस? म्हणाले, त्याला सध्या काही होत नाही, वसंत ऋतूत बटाटे लावेल कदाचित.

घरी येताना वावरापाशी थांबले. मार्टीची थट्टा खरी ठरली, मला अगदी बरोबर होईल, पाय दुमडावे लागणार नाहीत. काळ्या दगडावर नाव मोठं घालायचं, बसमधूनसुद्धा वाचता येईल असं. फेस्टसला उद्या सांगते. चिडेल. वाईट काळातही रुआनांनी कुणाची जमीन बळकावली नाही, आणि आता मी सख्ख्या भावाची बळकावतेय.